कट्ट्यावर खेळाचा वाद घालायचा कसा: एक वही, एक स्कोअरकार्ड आणि आठ पायऱ्या

रात्री साडेदहाला मॅच संपते आणि सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर दुसरी सुरू होते. पहिला म्हणतो, "टीम निवडतानाच चुकलं." दुसरा म्हणतो, "कॅप्टन गंडलाय." सातव्या-आठव्या मिनिटाला कुणीतरी हमखास म्हणतो, "आरं मर्दा, तू कधी बॅट धरलीयास का हातात?" तिथून पुढं खेळ बाजूला राहतो आणि एकमेकांचं खानदान निघतं.

मी सतरा वर्षं टेनिस बॉल स्पर्धांचं स्कोअरिंग करतोय. टेबलाला चिकटून बसणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंचं ऐकावं लागतं. त्यामुळं वाद कुठं घसरतो हे मला आता वासावरून कळतं. आकडा चुकल्यामुळं वाद बिघडलाय असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा क्रम चुकलेला असतो. निकाल आधी ठरतो, आकडे मागून शोधले जातात, आणि प्रश्न काय होता हे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमानं घ्या. मधली एखादी गाळली की पुढची डुगडुगते.

## आधीची तयारी

वेळ. मॅच संपल्यावर एक रात्र जाऊ द्या. त्या रात्रीचा आरडाओरडा करायचा तेवढा करा, मजाच असते ती, पण त्यातलं काही वहीत घ्यायचं नाही. हरल्यावर तासाभरात निघालेलं मत म्हणजे पोटात दुखत असताना केलेली बाजाराची यादी.

वही. दोनशे पानी, साधी. मोबाईलमध्ये लिहू नका. तिथं खोडलेलं दिसत नाही, आणि आपल्याला खोडलेलंच बघायचं असतं.

स्कोअरकार्ड. आकडे कुठून घ्यायचे ते वादाच्या आधी एकमतानं ठरवा. बॉल-बाय-बॉल नोंद असलेलं ठिकाण घ्या. रील आणि फॉरवर्ड केलेला फोटो चालणार नाही. फोटोवर ठळक अक्षरात आकडा छापलाय म्हणून तो खरा ठरत नाही.

माणसं. चार ते सहा. सातवा आला की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. त्यातल्या एकानं त्या दिवशी बाजू घ्यायची नाही, फक्त लिहायचं. हे काम आळीपाळीनं करा. कायम एकालाच दिलंत तर तो सरपंच होऊन बसतो.

भडंग. हे ऐच्छिक, पण तोंड भरलेलं असलं की मधे बोलणं कमी होतं.

## पायरी १: वाद एका वाक्यात लिहा

निम्मे वाद इथंच मिटतात, आणि नेमकी हीच पायरी लोक सोडतात.

आमच्याकडचा नेहमीचा विषय घ्या: "सांगलीचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?" एक जण म्हणतो विजय हजारे. १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसरा म्हणतो नंदू नाटेकर. १९५६ मध्ये क्वालालंपूरला परदेशातलं बॅडमिंटन विजेतेपद जिंकणारे पहिले भारतीय. तिसरा तालमीतला असतो, तो मारुती मानेंचं नाव घेतो, १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण. चौथी कॉलेजची मुलगी असते. ती म्हणते, "काका, स्मृती मानधना विसरलात का?"

मग दोन तास भांडण. आता प्रश्नाकडं बघा. "सांगलीचा" म्हणजे काय? जन्म धरला तर हजारे आणि नाटेकर आत, पण मानधना बाहेर, कारण तिचा जन्म मुंबईचा. ती सांगलीजवळच्या माधवनगरला वाढली. "वाढलेला" धरलं की ती आत येते. "सांगली शहर" धरलं तर माने बाहेर, कारण ते कवठेपिरानचे. जिल्हा धरला की परत आत. म्हणजे चार माणसं चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे तिघं येडे आहेत.

वाक्य लिहिताना तीन गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत:

१. कुणाकुणात निवडायचं. जन्म, वास्तव्य, काळ, स्त्री-पुरुष दोन्ही की एक.
२. कशात मोजायचं. पदक, सरासरी, त्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढं, की पुढच्या पोरांवर झालेला परिणाम.
३. कुठल्या खेळात. कुस्तीचं सुवर्ण आणि कसोटीतलं शतक एका तराजूत घालायचं असेल तर त्या तराजूचं नाव वाक्यात लिहा. नाव सुचत नसेल तर तुलना सोडून द्या.

"मोठा", "क्लास", "मॅचविनर", "दबावात खेळणारा" हे शब्द वाक्यात आले तर त्याखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला त्याचा अर्थ कागदावर लिहायला सांगा, एकमेकांचं न बघता. आम्ही एकदा "मॅचविनर"चा अर्थ लिहून घेतला, पाच जणांचे पाच निघाले. एकानं लिहिलं होतं, "शेवटचा रन काढणारा." त्या हिशोबानं अकरा नंबरचा बॅट्समनही मॅचविनर.

> तपासा: लिहिलेलं वाक्य वादात नसलेल्या माणसाला, गाडेवाल्याला म्हणा, वाचून दाखवा. त्यानं "म्हणजे?" असं विचारलं तर वाक्य परत लिहा.

## पायरी २: नियम वाचा, आणि "नियम काय" व "नियम बरोबर का" हे दोन वाद वेगळे करा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरल्यानं बाद झाली. आपल्याकडं त्या आठवड्यात तालमींपासून सलूनपर्यंत एकच विषय होता, आणि प्रत्येक ठिकाणी दोन भांडणं एकमेकांत गुंतली होती. पहिलं: नियमाप्रमाणं तिला बाद करणं बरोबर होतं का? दुसरं: दोन्ही दिवस वजन घेऊन, चुकलं तर आदल्या दिवशीच्या जिंकलेल्या कुस्त्यांवरही पाणी सोडायला लावणारा नियम न्याय्य आहे का? पहिल्याचं उत्तर नियमपुस्तकात आहे. क्रीडा लवादानंही तिचं अपील फेटाळलं. दुसऱ्याचं उत्तर पुस्तकात नाही, तिथं मतभेद राहणारच. पण "नियम अन्यायी आहे" असं वाटणारा माणूस "तिला मुद्दाम बाद केलं" असं म्हणायला लागला, की त्यानं दुसऱ्या वादातला राग पहिल्यात ओतलेला असतो.

२०१९ ची वर्ल्ड कप फायनल तशीच. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघंही २४१, सुपर ओव्हरही १५-१५, आणि कप गेला चौकार-षटकार जास्त मारलेल्या इंग्लंडकडं. नियम स्पर्धेच्या आधीपासून लिहिलेला होता, त्यामुळं "चोरी" हा शब्द बसत नाही. नियम खुळा होता म्हणाल, तर आयसीसीनंच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बदलला.

कुस्तीत हा गोंधळ आपल्या भागात जास्त होतो, कारण आपली नजर मातीवर तयार झालेली असते. कुंडलच्या मैदानात निकाल म्हणजे चितपट, पाठ लागली की संपलं. गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात, पैलवान बाहेर गेला की समोरच्याला गुण, आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथंच थांबते. गुण सारखे झाले तरी बरोबरी नसते, कुणाचा डाव जास्त गुणांचा, मग कुणाला ताकीद कमी, मग शेवटचा गुण कुणाचा, असं बघत जातात. "पाठ कुठं लागली?" हा प्रश्न मातीचा. तो गादीवर टाकून पंचाला शिव्या देऊ नका.

> सावधान: अंपायर्स कॉलवर बोलण्याआधी एवढं लक्षात घ्या. एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूत बॉलचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला तर मैदानावरच्या अंपायरनं दिलेला निर्णय कायम राहतो. म्हणजे स्क्रीनवर अगदी तेच चित्र दिसूनही एक बॅट्समन आऊट आणि दुसरा नॉटआऊट असू शकतो. त्यावरून "आपल्यालाच कसं" असं म्हणणाऱ्यानं आपल्या बाजूनं गेलेले तीन अंपायर्स कॉल आधी सांगावेत.

## पायरी ३: काय दिसलं तर मत बदलाल, ते आधीच लिहा

ही पायरी दोन मिनिटांची. प्रत्येकानं वहीत एक ओळ लिहायची: "अमुक आकडा अमुक निघाला तर मी माघार घेईन." आकडे काढायच्या आधी लिहायची, सही करून.

ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्याला वादातून काढू नका, पण त्याचं मत "आवड" या खान्यात टाका. आवड असणं गुन्हा नाही. माझ्या मित्राला एका खेळाडूची चालण्याची ढब आवडते, एवढ्यावर तो त्याला जगात पहिला मानतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि तो स्वतःही तसं कबूल करतो.

## पायरी ४: आठवणीवर विश्वास ठेवू नका, चार खाने भरा

इथं मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

"सचिननं शंभर केलं की म्याच गेलीच म्हणून समज." हे वाक्य मी कॉलेजपासून म्हणत आलो. नुसतं म्हणायचो नाही, पुरावेही द्यायचो. १९९९ ची चेन्नई कसोटी, पाकिस्तानविरुद्ध १३६, आणि आपण १२ धावांनी हरलो. २००९ ची हैदराबादची वन-डे, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५, आणि हरलो ३ धावांनी. १९९८ ची शारजाची वादळातली १४३ ची खेळी, ती मॅचसुद्धा आपण हरलो होतो. फायनलला गेलो ते रनरेटवर. हे शेवटचं टाकलं की समोरचा गप्प व्हायचा, कारण त्याला ती मॅच जिंकलेलीच आठवायची.

एका रविवारी वीज गेली होती, दुकान बंद, तेव्हा मी वही घेऊन बसलो. वन-डेतली ४९ शतकं. भारत जिंकला ३३ वेळा. हरला १४ वेळा. एक टाय, एक अनिर्णित. मी परत मोजलं.

पण इथं थांबणंही चूकच. "४९ पैकी ३३" हा एकटा आकडा चांगला की वाईट हे कसं कळणार? त्यासाठी बाकीचे खाने भरावे लागतात. कागदावर अधिकचं मोठं चिन्ह काढा, चार खाने होतील. वरच्या ओळीत शतक केलेल्या मॅच, खालच्या ओळीत न केलेल्या. डावीकडं जिंकलेल्या, उजवीकडं हरलेल्या.

सचिन ४६३ वन-डे खेळला. त्यात भारत २३४ जिंकला, २०० हरला, बाकी टाय किंवा निकाल नाही. शतकांच्या मॅच वजा केल्या तर उरतात ४१४, त्यात २०१ विजय आणि १८६ पराभव.

- शतक असताना: ४९ पैकी ३३, म्हणजे शंभरात साधारण ६७.
- शतक नसताना: ४१४ पैकी २०१, म्हणजे शंभरात ४८-४९.

माझं वीस वर्षांचं वाक्य उलटं निघालं. मला फक्त एक खाना आठवत होता, वरचा उजवा, कारण त्यातल्या मॅचनी झोप उडवली होती. जिंकलेली ३३ शतकं बघून आपण टीव्ही बंद करून जेवायला गेलो, ती कुणाच्या लक्षात राहतायत.

कसोटीचं वेगळं काढलं: ५१ शतकं, २० विजय, ११ पराभव, २० अनिर्णित. इथं आकडा एवढा उठून दिसत नाही. म्हणूनच पहिल्या पायरीच्या वाक्यात "वन-डे" की "कसोटी" हे लिहिलेलं असायला लागतं.

> सावधान: चार खाने भरल्यावर लगेच "सचिनच्या शतकामुळंच भारत जिंकायचा" असं लिहू नका. समोरची बोलिंग कच्ची असली की शतकही सोपं होतं आणि मॅचही. दोन्हीचं कारण तिसरंच असू शकतं. चार खान्यांतून एवढंच कळतं की "शतक केलं की हरतो" हे खोटं आहे. तेवढंच लिहा.

आठवणीचा दुसरा दगाही सांगून ठेवतो. एका स्पर्धेची फायनल, आठ ओव्हरची मॅच, समोरच्यांना ७१ हव्या होत्या. शेवटच्या ओव्हरला ७ राहिल्या, आणि बोलिंगला आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला त्या पाच बॉलमध्ये गेल्या. पुढची तीन वर्षं गावानं त्या पोराचं जगणं नको केलं. "ह्यानंच घालवली." मी ती शीट जपून ठेवली होती, एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेली. पाचवी ओव्हर काढून दाखवली: सहा, सहा, वाईड, शून्य, चार, सहा, शून्य. तेवीस. टाकली होती टीमच्या सगळ्यात जुन्या बोलरनं, आणि पोराला सगळ्यात जास्त बोलणाराही तोच होता. तो शीटकडं बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "वाईड नव्हता तो."

> तपासा: "ह्याच्यामुळं हरलो" असं वाक्य आलं की पूर्ण स्कोअरकार्ड वरपासून खाली मोठ्यानं वाचा. पहिल्या ओव्हरचा रन आणि शेवटच्या ओव्हरचा रन फळ्यावर सारखाच मोजला जातो.

## पायरी ५: आकडा वाचायला शिका

आकडा आणला म्हणजे काम झालं असं वाटणारे आता वाढलेत. मोबाईल आल्यापासून आकड्यांची कमतरता नाही, पण वाचणारे तेवढेच राहिले. सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका:

सरासरी. सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा आऊट झाला. डावांनी भागत नाहीत. दहा डावांत ३०० धावा आणि पाच वेळा नाबाद, तर सरासरी ६०. दहाही वेळा आऊट झाला असता तर ३०. सहा-सात नंबरला येणारा आणि ओपनर यांची सरासरी शेजारी ठेवताना नाबादचा रकाना झाकू नका.

थोडे डाव. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये फायनलआधी विराट कोहलीच्या सात डावांत मिळून ७५ धावा होत्या. "बसवा त्याला" म्हणणारे आमच्या गाड्यावर तीन जण होते, त्यात मी एक. फायनलला एका डावात ७६. यावरून "बघा, मोठा खेळाडू मोठ्या मॅचला उभा राहतो" असं लगेच दुसऱ्या टोकाचं वाक्य आलं. तेही एका डावावर बेतलेलं. सातावरून काढलेलं मत कच्चं असेल तर एकावरून काढलेलं त्याहून कच्चं.

शंका आली की एक रुपयाचं नाणं काढा. पाच वेळा उडवा. सलग पाच वेळा छापा पडण्याची शक्यता बत्तीसात एक. कट्ट्यावर रोज कुणी ना कुणी उडवत बसलं तर महिनाभरात एकदा पडून जाईल, आणि त्यात नाण्याचा फॉर्म नसतो. "सलग पाच टॉस हरला, नशीबच नाही" हे म्हणण्याआधी हे करून बघा.

काळ. कोहलीचं ५० वं वन-डे शतक २७९ व्या डावात आलं, नोव्हेंबर २०२३, वानखेडे. सचिनची ४९ शतकं ४५२ डावांत. एवढं सांगून निकाल देणारे भेटतात. थांबा. सचिनचं पहिलं वन-डे शतक पदार्पणानंतर जवळपास पाच वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये आलं, कारण मार्च १९९४ पर्यंत तो मधल्या फळीत खेळायचा. ऑकलंडला ओपनिंगला आला आणि ४९ बॉलमध्ये ८२ मारल्या, तिथून गाडी बदलली. शिवाय ऑक्टोबर २०११ पासून २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत वन-डेत डावभर दोन्ही टोकांनी वेगवेगळा नवा बॉल होता. बॉल जुना होऊन रिव्हर्स होणं कमी झालं, पण सुरुवातीला नवा बॉल जास्त वेळ खेळावा लागला. हे कुणाच्या बाजूनं जातं? दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. ज्याला हे फक्त आपल्या खेळाडूच्या बाजूनं दिसतं त्यानं पायरी ३ ची आपली ओळ परत वाचावी.

कोहलीचा वेग त्यानंतरही जास्त आहे, हे मी सचिनभक्त असूनही लिहून ठेवतो. वहीत माझी सही आहे.

एकूण की वाटा. मानधनानं २०२५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये ४३४ धावा केल्या, स्पर्धेत फक्त दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड तिच्या पुढं होती. सेमीफायनलला ती २४ वर गेली, आणि ३३९ चा पाठलाग जेमिमाच्या नाबाद १२७ नं झाला. फायनलला मानधना ४५, शेफाली ८७, दीप्ती ५८ धावा आणि पाच विकेट. "कप मानधनानं जिंकून दिला" आणि "मोठ्या मॅचला मानधना कुठं होती" ही दोन्ही वाक्यं माधवनगरमध्येच ऐकली, एकाच संध्याकाळी. स्पर्धाभरचा आकडा आणि दोन मॅचचा आकडा ही दोन वेगळी उत्तरं आहेत. वाक्यात "स्पर्धेत" लिहिलं होतं की "बाद फेरीत", ते बघा आणि तेवढंच बोला.

## पायरी ६: निर्णय एका पानावर, निकाल दुसऱ्या पानावर

हरलं की निर्णय चुकला, जिंकलं की कॅप्टन चाणक्य. ही सवय मोडायला सगळ्यात अवघड.

२ एप्रिल २०११, वानखेडे, वर्ल्ड कपची फायनल. ११४ वर तिसरी विकेट पडली आणि धोनी युवराजच्या आधी आला. युवराज त्या स्पर्धेचा मानकरी ठरला. तोवर धोनीचा स्पर्धेत नाव घेण्यासारखा डाव नव्हता. धोनी नाबाद ९१, गंभीर ९७, कप आपला. आता ९ आणि १० जुलै २०१९, मँचेस्टर, वर्ल्ड कपची सेमीफायनल. २४ वर चार विकेट, तरी धोनी मागंच ठेवला, सातव्या नंबरला आला तेव्हा ७१ वर पाच. जडेजाबरोबर ११६ ची भागीदारी, मग ५० वर रनआऊट, १८ धावांनी पराभव. माणूस तोच. एकदा वर आला म्हणून हुशार, एकदा खाली आला म्हणून घोळ. गाड्यावरचे निकालही तेच, फक्त उलटे.

करायचं असं. वहीच्या डाव्या पानावर निर्णयाच्या क्षणी काय माहीत होतं तेवढंच लिहा, आणि लिहिताना निकाल झाका. २०११ ला: डावखुरा गंभीर सेट झालेला, युवराजही डावखुरा, समोर मुरलीधरन, ज्याला धोनीनं चेन्नईच्या संघात जवळून खेळलेलं. कारणं होती. २०१९ ला: बॉल स्विंग होतोय, चार विकेट गेल्यात, शेवटच्या ओव्हरांसाठी कुणीतरी हवा. यालाही कारण होतं, पण चौथी विकेट गेल्यावर पंड्याआधी धोनी का नाही, हा प्रश्न निकाल झाकूनही उभा राहतो. माझ्या मते तो निर्णय रनआऊट झाला नसता तरी चुकीचाच होता. आमच्या लेखनिकाचं मत वेगळं आहे. दोन्ही वहीत आहेत.

> तपासा: स्वतःला विचारा, निकाल उलटा लागला असता तर हेच बोललो असतो का? उत्तर "नाही" असेल तर डावं पान परत लिहा.

## पायरी ७: समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगा

उत्तर देण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं मांडायची, आणि तो "व्हय, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. सुरुवातीला हसू येतं. आमच्यात पहिल्यांदा केलं तेव्हा असं झालं:

"म्हणजे तुझं म्हणणं, रोहितला खेळता येत नाही."

"मी कवा म्हटलं आसं? मी म्हटलं, फायनलला सत्तेचाळीसवर असताना तो शॉट मारायची गरज नव्हती."

"मग आधीच तसं सांगायचं की."

"मगापास्नं तेच सांगतोय, लका!"

वीस मिनिटं दोघं भांडत होते, आणि २०२३ च्या फायनलमधला तो एक शॉट सोडला तर दोघांचं एकमत होतं.

दोन वाक्यं या पायरीवर हमखास येतात. "तू कधी खेळलायस का?" याला उत्तर देत बसू नका. लिहिणाऱ्यानं फक्त म्हणायचं, "प्रश्नाच्या वाक्यात हे नाही." खेळलेल्याला आतलं जास्त कळतं हे खरं, पण मग त्यानं ते आतलं सांगावं. नुसता दाखला दाखवून काम होत नाही.

"सगळं फिक्स असतंय." याच्याशी जरा नीट वागा, कारण फिक्सिंग झालेलं आहे. २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएचं फोनवरचं बोलणं पकडलं होतं, आणि नंतर त्यानं कबुलीही दिली. तेव्हा पुरावा काय होता ते बघा: टेप, कबुली. आणि गाड्यावरचा पुरावा काय असतो? "मला आधीच वाटलं होतं." म्हणणाऱ्याला पायरी ३ वर परत न्या आणि विचारा, काय दिसलं तर ही मॅच फिक्स नव्हती असं मानशील? आपण हरलो तर फिक्स, शेवटच्या बॉलवर जिंकलो तर "टीव्हीसाठी" फिक्स, असं असेल तर त्याचं वाक्य आवडीच्या खान्यातही बसत नाही. त्याला चहा द्या आणि पुढं चला.

## पायरी ८: वही बंद करणं

प्रत्येक वादाखाली तीनपैकी एकच शेरा लिहायचा.

- मिटला. आकड्यानं उत्तर मिळालं. कुणाची ओळ खोडली गेली ते लिहा, तारीख घाला.
- आवड. मोजण्यासारखं काही नव्हतं. परत काढायचा नाही.
- माहिती कमी. काय मिळालं तर मिटेल ते लिहा, आणि कोण आणणार त्याचं नाव.

चौथा शेरा नाही. "दोघंही बरोबर" असं लिहायचा मोह होतो, विशेषतः रात्री साडेअकराला. तो वाद दुसऱ्या दिवशी तसाच उठून बसतो.

ज्याची ओळ खोडली गेली त्याला त्या रात्री कुणी हसायचं नाही, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम. हसलं की पुढच्या वेळी तो पायरी ३ ला काही लिहीतच नाही, आणि सगळं परत "बॅट धरलीयास का"वर येतं. उलट भडंगचे पैसे जिंकणाऱ्यानं द्यायचे.

आमच्या वहीत आत्ता "माहिती कमी" खाली सात वाद पडून आहेत. सगळ्यात जुना हजारे आणि नाटेकरांचा: आपापल्या खेळात, त्या काळातल्या भारतीयांपेक्षा कोण जास्त पुढं होतं. हजारेंचं सोपं आहे, ३० कसोटी, ४७.६५ ची सरासरी, त्या वेळच्या बाकीच्यांचे आकडे शेजारी मांडता येतात. नाटेकरांच्या काळातल्या राष्ट्रीय स्पर्धांचे सगळे निकाल वर्षवार हवेत. ते आणायचं काम त्या कॉलेजच्या मुलीनं घेतलंय. तिनं स्वतःची ओळ लिहून सही केली आहे, आणि काय लिहिलंय ते निकाल येईपर्यंत कुणी वाचायचं नाही म्हणून पान दुमडून पिन मारली आहे.